खिडकीचा टेकू

हॉलिस ट्रिबलने जन्मात सात शपथा घेतल्या. त्यातली लग्नातली तेवढी त्याने पाळली, म्हणून इमोजीन ती यादीत धरत नसे. उरलेल्या सहा तिने कोठीच्या दाराच्या आतल्या अंगाला पेन्सिलीने लिहून ठेवल्या होत्या. डावीकडे पोरांच्या उंचीच्या रेघा, तारखांसकट. उजवीकडे पोरांच्या बापाच्या शपथा, त्याही तारखांसकट. पोरं वाढायची थांबली तेव्हा डावीकडचं लिखाण थांबलं. उजवीकडचं चालूच राहिलं, कारण तिकडचा माणूस अजून वाढायचा होता.

सहाही शपथा एकाच विषयावरच्या: कॉर्व्हेट. केंटकीतल्या बोलिंग ग्रीनमध्ये ही दोन माणसांपुरती, वेगवान गाडी बनते. अर्धं गाव ती बनवतं आणि उरलेलं अर्धं तिला नावं ठेवतं. हॉलिसने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, म्हणजे तो दुसऱ्या अर्ध्यातला. त्याच्याकडे त्रेसष्ट सालची लाल कॉर्व्हेट होती, मागची काच मधोमध दुभागलेली. तसली काच त्या एकाच वर्षी आली. काचेतला उभा पट्टा मागचं बघू देत नाही अशी ओरड झाली, चौसष्टला पट्टा गेला आणि सलग काच आली. पुढे पंचवीस-तीस वर्षांनी लोकांना अक्कल आली, की जे एकदाच आलं तेच सोनं. तेव्हापासून हॉलिस कुठेही गाडी उभी करताना तिची पाठ रस्त्याकडे करायचा.

या गाडीवाल्यांत एक रीत आहे. समोरून दुसरी कॉर्व्हेट आली, की स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलून हात करायचा. ओळख असो वा नसो, दोघांत कोर्टकचेरी चालू असो, हात करायचाच. आधी नव्या गाडीने करायचा, जुनीने परतवायचा. वय गाडीचं बघायचं, माणसाचं नाही. आणि हॉलिसच्या शपथा म्हणजे एवढंच, की गाडीचं रूप पालटलं रे पालटलं, की त्या नव्या रूपाला आपण हात परतवणार नाही.

पहिली शपथ अडुसष्टची. त्या साली गाडीला कंबर आली. ही पोहायच्या पोशाखातली बाई आहे, हिला भररस्त्यात हात करायला मी कुणी टवाळ नाही, असं हॉलिस म्हणाला. पाच वर्षांनी त्यांची मुलगी तापाने फणफणली, आणि ज्या डॉक्टरने तिला बरं केलं तो नेमका कंबरवाली चालवायचा. हात झाला. मग चौऱ्याऐंशीची आली. तिच्यात काट्यांच्या जागी दिव्यांचे आकडे लुकलुकायचे. हॉलिस म्हणाला, हे मनगटावर बांधा. ती शपथ सहा वर्षं टिकली आणि चर्चच्या पाद्रीबाबांनी मोडवली. सत्त्याण्णवला मागे सामानाला ऐसपैस जागा झाली, तर म्हणाला, सामान न्यायचं तर माझी बस काय वाईट होती? ती चार वर्षं. दोन हजार पाचला पुढचे दिवे कायमचे उघडे झाले. त्याआधी चाळीसेक वर्षं ही गाडी दिवसा डोळे मिटून चालायची, रात्रीच उघडायची. "मासा झालाय तिचा," हॉलिस म्हणाला, "उघड्या डोळ्यांनी झोपते." ती पाच. त्यानंतर मागचे गोल दिवे चौकोनी झाले, आणि त्याच हिवाळ्यात गावातल्या संग्रहालयाखालची जमीन खचून तिने आठ कॉर्व्हेट गिळल्या. कॉर्व्हेटवाल्यांच्या क्लबच्या शनिवारच्या न्याहारीला हॉलिसने गंभीर चेहऱ्याने सांगितलं, की जमिनीनेही ते चौकोनी दिवे पाहिले असणार. तीही पाचच.

सहावी शपथ दोन हजार वीसच्या फेब्रुवारीतली. या खेपेला इंजिनच पुढचं उचलून माणसाच्या पाठीमागे ठेवलं होतं.

इमोजीनने तीस वर्षं इस्पितळात लोकांचे ताप लिहिले होते, त्यामुळे आकडे मांडले की त्यांची सरासरी काढल्याशिवाय तिचा हात थांबत नसे. शपथ पाच, वर्षं पंचवीस. म्हणजे हा माणूस पाच वर्षांनी वितळतो. सहावी दोन हजार पंचवीसला मोडणार.

अडचण अशी होती, की तिच्या भावाकडे एकवीसच्या सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंतच वेळ होता.

भाऊ म्हणजे वेंडेल. एकोणसत्तर वर्षांचा, तिच्याहून सहा वर्षांनी धाकटा. जन्मभर गावोगावी फिरून पियानोचे सूर लावले. बायको आर्लिस गेल्यावर दोन वर्षं, रविवारचं ताईकडचं जेवण सोडलं, तर तो घरात बसून होता. मग जूनमध्ये एके शनिवारी न्याहारीला आला तो पिवळ्याजर्द, इंजिन मागे असलेल्या नव्या गाडीतून. हॉलिसने मांसाच्या रश्श्यात बुडवलेला पाव खाली ठेवला आणि घोडा गाडीच्या मागे बांधत नाहीत एवढंच बोलला.

वेंडेल त्याला दाजी म्हणायचा. लग्नाच्या आधी वर्षभरच म्हणायला लागला होता, चौदा वर्षांचा असताना, निव्वळ ताईला छळायला. ते कायमचं राहिलं.

"दाजी," तो कॉफी ढवळत म्हणाला, "एकतीस वर्षं तुम्ही शाळेची बस चालवलीत. तिचं इंजिन कुठं होतं?"

मागे होतं. चपट्या तोंडाची पिवळी बस, इंजिन शेवटच्या बाकड्याच्या मागे. सगळी न्याहारी हसली. वाढणारी बाईसुद्धा हसली. हॉलिसचे कान त्याच्या गाडीच्या रंगाचे झाले.

दुसऱ्या दिवशी चर्चमधून परतताना स्कॉट्सव्हिल रस्त्यावर समोरून पिवळी गाडी आली. वेंडेलने रीतीप्रमाणे आधी हात केला. दोन बोटं नाही, सबंध हात. हॉलिसने तेवढ्यात आरसा नीट केला. आरसा अगदी नीट होता; शेजारी बसलेल्या इमोजीनने तो पाहिला होता.

त्या रविवारी वेंडेल जेवायला आला नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याची खुर्ची रिकामी राहिली. इमोजीनने फोन केला, तेव्हा तो म्हणाला, दाजींनी हात परतवला की येईन. ती म्हणाली, दोन म्हातारे आणि रुसवे शाळकरी पोरांचे. मग त्याने डोळ्यांचं सांगितलं. एका डोळ्याचा मधला भाग गेलाच होता, दुसऱ्याचा जायला लागला होता. डॉक्टर म्हणाले होते, गाडी चालवायची ती दिवसाउजेडी, जवळपास, आणि तेही सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत. त्यानंतर परवाना परत. म्हणून तर त्याने गाडी घेतली होती. तेरा-चौदाव्या वर्षापासून त्याला ती हवी होती, आणि हाती आली ती अशी, एका उन्हाळ्यापुरती.

"दाजींना सांगू नकोस," तो म्हणाला. "दयेचा हात नको मला. गाडीला करायचा तो हवा."

तिने शब्द दिला. देऊन लगेच पस्तावली, पण शब्द दिला तो दिला; या घरात शपथा मोडायचं खातं दुसऱ्याकडे होतं.

जुलै गेला. ऑगस्ट अर्धा गेला. नऊ रविवार खुर्ची रिकामी. हॉलिस रोज म्हणायचा, यायला कोण नको म्हणतंय, फक्त ते पिवळं धूड रस्त्यावर लाव म्हणावं. आणि पानात एकट्यानेच तीन मक्याची कणसं वाढून घ्यायचा. वेंडेलच्या वाटणीचं एक त्याच्याकडून संपत नसे, तरी घ्यायचा. इमोजीन हे बघत होती. माणूस वितळायला आलेला आहे, फक्त भांड्याखाली जाळ कमी पडतोय, हे तिला कळत होतं.

ऑगस्टच्या तिसऱ्या सोमवारी तिने उजव्या मनगटाला पट्टी बांधली आणि हात मुरगळलाय म्हणून जाहीर केलं. आठवडाभर भांडी हॉलिसने घासायची.

हे लक्षात घ्या, की चोपन्न वर्षांच्या संसारात हॉलिस त्या मोरीपुढे उभा राहिला नव्हता. त्याने छप्पर शाकारलं, तळघर उपसलं, अस्वलाएवढा रेडिओ दुरुस्त केला. पण भांडी घासणं म्हणजे त्याच्या दृष्टीने आजारपणासारखं, बाकीच्यांना होणारं. मोरीच्या वर एक जुनी लाकडी खिडकी आहे, वर सरकवायची. तिची दोरी कधीच तुटलेली, म्हणून ती हातभर लांबीच्या एका वाकड्या पांढऱ्या टेकूवर उभी असते. केंटकीच्या ऑगस्टमध्ये ती खिडकी मिटली तर स्वयंपाकघरात माणूस शिजतो, त्यामुळे टेकू हलत नाही. भांडी घासणाऱ्याच्या नाकासमोर तो वीतभर अंतरावर असतो.

सोमवारी हॉलिसने भांडी घासली आणि गाडीच्या चाकांना चोळतात तशी चोळली. मंगळवारी तो क्लबच्या कामाला गेला असताना इमोजीनने बोथट सुरीने टेकूचा पांढरा रंग खालच्या टोकाला बोटभर खरवडला. आतून लाल दिसला. हॉलिसने भांडी घासली, शिट्टी वाजवली, काही बघितलं नाही. बुधवारी तिने चार बोटं खरवडला. तो म्हणाला, ही चिकट कढई तू मुद्दाम ठेवतेस का. ती म्हणाली, हो. गुरुवारी निम्मा टेकू लाल झाला. गुरुवारी त्याने टेकूवर ओलं फडकं वाळत घातलं.

माणसाला आपल्या गाडीचा रंग शंभर पावलांवरून ओळखता येतो आणि नाकासमोर येत नाही, याचं इमोजीनला नवल वाटलं नाही. तिने इस्पितळात डॉक्टर पाहिले होते.

शुक्रवारी तिने सगळा टेकू खरवडून, तेलाने पुसून, चकचकीत लाल करून ठेवला. हॉलिसने दोन पेले धुतले. तिसरा हातातच राहिला.

मग त्याने ओल्या हाताने टेकूच्या कडेवरून बोट फिरवलं. कडेला करवतीचे दात उमटलेले होते, एका ठिकाणी करवत निसटून खोल गेलेली.

"हे कुठून आलं?" त्याने विचारलं.

"गारपिटीत पडलं होतं," इमोजीन म्हणाली.

इथे मागचं थोडं सांगायला हवं. सहासष्टच्या मार्चमध्ये हॉलिस बावीस वर्षांचा होता, गाडी तीन वर्षं जुनी होती, आणि इमोजीनला फिरायला न्यायचं होतं. तेव्हा त्रेसष्टची दुभागलेली काच म्हणजे कालची भाजी होती. तालेवार पोरं चौसष्टची सलग काच मिरवायची. ज्यांना नवी परवडत नव्हती ते करवत आणायचे. हॉलिसने करवत आणली. इमोजीनच्याच बापाच्या कोठारात, चौदा वर्षांच्या वेंडेलला दिवा धरायला लावून, त्याने मधला पट्टा कापून काढला आणि चौसष्टची काच बसवली. दुसऱ्या दिवशी तो दारात आला आणि अगदी सहज म्हणाला, ही चौसष्टची आहे. इमोजीन म्हणाली, छान आहे. आदल्या संध्याकाळी तिने कोठाराच्या फळ्यांच्या फटीतून सगळं पाहिलं होतं. पट्टा गवतात टाकला होता, तो उचलून तिने ट्रंकेत ठेवला. लग्नानंतर या घराची खिडकी टिकेना, तेव्हा पांढरा रंग देऊन कामाला लावला.

मग काळ उलटला. त्र्याण्णवला दुभागलेल्या काचेला भाव आला, तेव्हा हॉलिसने बायकोला बसवून सांगितलं, की गाडी खरं तर त्रेसष्टची आहे. मधला पट्टा तुझी-माझी ओळख व्हायच्या आधी एका गारपिटीत फुटला होता. कोठार, तळघर, माळा सगळं धुंडाळून त्याने तो तुकडा शोधला. इमोजीनने कंदील धरून शोधायला मदत केली. सापडला नाही. शेवटी लेक्सिंग्टनच्या माणसाकडून नवा पट्टा बनवून बसवला आणि त्यानंतर अस्सल म्हणजे काय यावर क्लबात तो सगळ्यात जास्त बोलू लागला. म्हणजे तीच गाडी प्रेमात पडताना एका वर्षाने तरुण झाली आणि म्हातारपणी एका वर्षाने वडील. माणसं याच्या उलट करतात.

हॉलिस ओल्या हातांनीच खुर्चीवर बसला.

"वेंडेलने सांगितलं तुला."

"वेंडेल एक अक्षर बोललेला नाही. मी स्वतः पाहिलं. पंचावन्न वर्षं माझ्या भावाने तोंड उघडलं नाही, हॉलिस. जूनमध्ये भर न्याहारीत तू त्याला घोडा आणि गाडी शिकवत होतास. त्याला बसवर विनोद करायची काय गरज होती? करवत एवढा एकच शब्द पुरला असता. सबंध क्लबासमोर. त्याने बसवर भागवलं."

हॉलिस टेकूकडे बघत राहिला. खिडकीबाहेर रातकिडे दिवसाच ओरडत होते.

"आणि दुसरं," ती म्हणाली, "नव्याचा सोस या गावात तुझ्याइतका कुणालाच नव्हता. तू तर नव्यासाठी चांगल्या गाडीचा कणा कापलास."

"नव्यासाठी नव्हता कापला," हॉलिस म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता राहिलेला पेला धुवायला उठला. इमोजीनला पुढचं काही टोचून बोलायचं होतं ते तिने गिळलं. चोपन्न वर्षांत असा प्रसंग फार तर तीनदा आला असेल.

रविवारी चर्चहून परतताना हॉलिसने न विचारता स्कॉट्सव्हिल रस्ता धरला. वेंडेल याच सुमाराला पलीकडच्या चर्चमधून याच रस्त्याने यायचा. दुरून पिवळं दिसलं. जुन्या गाडीने आधी हात करायचा नसतो, हॉलिसने केला. दोन बोटं नाही, सबंध हात, काचेला लागेल इतका वर.

पिवळी गाडी तशीच निघून गेली.

पुढच्या सिग्नलला गाडी थांबली. हात त्याने खाली घेतला तो मांडीवर ठेवला, परक्याचा असल्यासारखा. आता तो सूड, गर्व, पिवळा रंग असं काहीतरी काढेल म्हणून इमोजीन वाट बघत होती. सिग्नल सुटला तरी गाडी हलली नाही.

"तो रस्त्याच्या पांढऱ्या रेघेला धरून चालला होता," हॉलिस हळूच म्हणाला. "तोंड जरा उजवीकडे. कानाने बघत असल्यासारखं." एकतीस वर्षं त्याने आरशांतून पोरं आणि काचेतून दुसरे चालक पाहिले होते, कोण कुठे बघतोय हे त्याला सांगावं लागत नसे. "कधीपासून?"

"मी शब्द दिलाय," इमोजीन म्हणाली.

"म्हणजे आहे."

इमोजीनने नाही म्हटलं नाही. शब्द कुठे मोडला असं नाही, पण वाकला असेल थोडा.

हॉलिसने गाडी वळवली.

वेंडेलचं घर रस्त्यापासून आत, दोनशे पावलांच्या खडीच्या वाटेने. ते पोचले तेव्हा तो पायरीवर टाय सैल करत होता. लाल गाडी त्याने आवाजावरूनच ओळखली आणि उठून उभा राहिला, रुसलेला माणूस पाहुणा आल्यावर उठतो तसा, अर्धाच. हॉलिस खाली उतरला आणि म्हणाला, मी हात केला होता. वेंडेल म्हणाला, कधी. मग तिघांनाही कळलं, की आता लपवायला काही उरलेलं नाही.

"ताई?" वेंडेल म्हणाला.

"ती बोलली नाही," हॉलिस म्हणाला. "तू बोल."

वेंडेल पायरीवर परत बसला. "तुमच्या गाडीच्या मागच्या काचेसारखं झालंय, दाजी. दोन्ही बाजूंनी लख्ख. मधोमध पट्टा."

"तो मी एकदा करवतीने कापलाय."

"माहीत आहे. दिवा मी धरला होता." वेंडेल हसला. "हा कापता येत नाही म्हणतात. विचारलं मी."

हॉलिस त्याच्या शेजारी बसला. जरा वेळाने त्याने तळहात पुढे केला आणि किल्ली मागितली. पंधरा दिवस आहेत अजून, वेंडेल म्हणाला. डॉक्टरने तारीख दिली आहे. हॉलिस म्हणाला, डॉक्टरने तुला समोरून येताना पाहिलेलं नाही, मी पाहिलंय. माझ्या हाताएवढं पोर रस्त्यात आलं असतं तर? बसच्या चाकामागचा हॉलिस बोलत होता, न्याहारीतला नव्हे, आणि त्या हॉलिसशी या गावात कुणी कधी वाद घातला नव्हता. वेंडेलने किल्ली खिशातून काढली, पण मुठीतच ठेवली.

"मग ही चालवणार कोण?" त्याने विचारलं. "अशीच इथं उभी राहणार?"

याचं उत्तर अंगणात एकच होतं आणि ते हॉलिसच्या विजारीत बसलेलं होतं. इमोजीन आभाळाकडे बघायला लागली. ढग नव्हते, तरी तिने नीट पाहिले.

"इंजिन मागं आहे तिचं," हॉलिस शेवटी म्हणाला.

"शाळेची बस समजा, दाजी."

हॉलिसने सुस्कारा सोडला. तो होकार होता, हे बायको आणि मेव्हणा दोघांनाही ठाऊक होतं. पण वेंडेलने एक मागणं घातलं: घरापासून पत्रपेटीपर्यंतची वाट त्याची स्वतःची होती, तिथे कुणी पोर येत नव्हतं, तेवढी तो शेवटची चालवणार. हॉलिसने आधी वाट चालून पाहिली, मांजर हाकललं, आणि मग पत्रपेटीपाशी जाऊन उभा राहिला.

पिवळी गाडी घरापासून निघाली, माणूस चालेल त्या वेगाने. हॉलिसने हात वर केला. लगेच खाली घेतला नाही. शाळेची पोरं रस्ता ओलांडून संपेपर्यंत चालक गाड्या थोपवायला धरतो तसा धरून ठेवला. दोनशे पावलं. अर्ध्या वाटेत त्याचा खांदा दुखायला लागला असावा, कारण त्याने दुसऱ्या हाताने कोपर धरलं. गाडी अगदी जवळ आली, हाताच्या अंतरावर, तेव्हा वेंडेलने तोंड जरा उजवीकडे वळवलं, डोळ्याच्या कडेने बघितलं, आणि स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलली.

मग तो उतरला आणि पलीकडच्या बाजूला जाऊन बसला.

इमोजीनने लाल गाडी घरी आणली. चोपन्न वर्षांत ती तिच्या हाती पहिल्यांदाच आली होती, आणि मागचं खरोखरच काही दिसत नव्हतं. पुढे काय झालं ते तिला जेवताना वेंडेलकडून कळलं. वाटेत समोरून सत्तावन्नची पांढरी आली. हॉलिस नव्या गाडीत, म्हणजे आधी हात त्याने करायचा. त्याने केला, मन लावून केला. पांढऱ्यातल्या म्हाताऱ्याने त्याच क्षणी आरसा नीट केला.

"आपल्या क्लबातला नव्हता," हॉलिस ताटाकडे बघत म्हणाला.

"नव्हता," वेंडेल म्हणाला, "पण गोत्र तुमचंच, दाजी."

तळलेली कोंबडी, घेवडा, टोमॅटोचे काप, मक्याचा पाव. हॉलिसने दोनच कणसं घेतली. कोठीतून पीचचा डबा आणायला इमोजीन उठली आणि उठलीच आहे तर तिने पेन्सिल घेतली. सहाव्या शपथेपुढे लिहिलं: दीड वर्ष. खाली सरासरी पुन्हा काढली; ती साडेचारच्याही खाली आली होती. माणूस सुधारत होता, या वेगाने दीडशे वर्षांत पुरता सुधारला असता.

टेबलाशी हॉलिस सांगत होता, की मागचं इंजिन वळणावर इतकं काही वाईट नाही, जरा सवयीचा प्रश्न आहे. पण आता विजेवर चालणारी येणार असं ऐकतोय, आणि ती जर कधी आली, तर देवाशपथ मी—

कोठीच्या दारातून इमोजीनने डोकं बाहेर काढलं. पेन्सिल हातातच होती.

हॉलिसने तोंड मिटलं. ताटं गोळा केली आणि मोरीकडे गेला. वेंडेल उठून त्याच्या शेजारी पुसायचं फडकं घेऊन उभा राहिला. खिडकीचा टेकू त्याने बोटांनी चाचपला, करवत जिथे निसटली होती तिथे बोट थांबलं, आणि तो पेले पुसायला लागला. तो पट्टा काढून गाडीत बसवायचं हॉलिसच्या मनात दोन दिवस होतं. पण मग खिडकी कशावर उभी राहणार?

इमोजीन पीचचा डबा घेऊन आली, उजव्या हाताने झाकण फिरवून उघडला आणि वाट्या भरू लागली. हॉलिसने वळून पाहिलं. मनगटावरची पट्टी नव्हती.

"हात बरा झाला?" त्याने विचारलं.

"झाला."

"मुरगळला होता ना? एकदम कसा?"

"गारपिटीतलं होतं ते," इमोजीन म्हणाली, आणि त्याच्या वाटीत एक फोड जास्त घातली.